परभणीचे लिंबू आणि समुद्राची कोळंबी

परभणीचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर भूगोलाचे मास्तर 'काही नाही' एवढेच उत्तर देतील, आणि ते चूकही म्हणता येणार नाही. सरळ रेघ ओढली तरी अरबी समुद्र येथून चारशे किलोमीटरांवर आहे. गंगाखेडच्या घाटाला लागून वाहणारी गोदावरी समुद्राला मिळते खरी. पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघालेली, आणि राजमहेंद्री ओलांडीपर्यंत तिलाही खाऱ्या पाण्याचा वास लागत नाही. अशा या गावात आमच्या घरी चैत्र-वैशाखात एक पदार्थ होतो. उकडून गार केलेली कोळंबी, तिच्यावर कागदी लिंबाचा मुबलक रस, बारीक चिरलेला कांदा, काकडी, हिरवी मिरची, कोथिंबीर. आणि सारे बर्फात रोवलेल्या भांड्यात थंडगार करून ताटात वाढायचे. पाहुणेमंडळी पहिला घास घेतात, क्षणभर थबकतात आणि विचारतात, "हा कुठला नवा प्रकार?"

माझे माहेर रत्नागिरीकडचे आणि सासर परभणीचे, म्हणून हा प्रश्न मला विचारणे साहजिकच आहे. पण कोकणात मी हा पदार्थ खाल्लेला नाही आणि परभणीत तो कधी नव्हता. मग तो आला कोठून? या एका वाटीतल्या जिनसांचा माग काढू लागले तेव्हा ध्यानात आले, की यातली प्रत्येक वस्तू आपापल्या वाटेने, आपापल्या शतकात चालत आली आहे. आणि त्यांतली सर्वांत मोठा प्रवास केलेली वस्तू कोळंबी नव्हे, तर आपल्या अंगणातले लिंबू आहे. दिवाळीच्या थंडीत उन्हाळ्याची कहाणी कशाला, असे कोणी म्हणेल. पण चकलीने तोंड कोरडे पडल्यावर लिंबाची गोष्ट वाईट लागणार नाही.

लिंबाच्या कुळाची सुरुवात महाळुंगापासून करावी लागते. हे फळ आता बाजारात क्वचित दिसते. पण कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे दर्शन ज्यांनी नीट घेतले असेल त्यांना आठवेल, की देवीच्या एका हातात मातुलुंग आहे; ते हेच महाळुंग. जाड सालीचे, खडबडीत, आत गर बेताचा. याची मूळ भूमी हिमालयाच्या पायथ्याकडची आणि आसामकडची समजतात. अलीकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बीजपरीक्षा करून असे दाखवले आहे, की आपले कागदी लिंबू म्हणजे या महाळुंगाचा फिलिपाईन्सकडच्या एका रानटी लिंबाशी झालेला संकर. म्हणजे बाप इकडचा आणि आई समुद्रापलीकडची, किंवा उलटही म्हणा. कोणा खलाशाने कोणत्या काळी ही सोयरीक जमवली ते इतिहास सांगत नाही. संस्कृतातले निंबूक आणि जंबीर, फारसीतले लीमू, अरबीतले लीमून आणि स्पॅनिशमधले लिमोन ही नावे ओळीने ठेवली, की लिंबाचा रस्ता नकाशावर न पाहताही कानाने ऐकू येतो.

या रस्त्याने लिंबू अरबांबरोबर पश्चिमेला गेले, भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनमध्ये रुजले. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा कॅनरी बेटांवर त्याने संत्री, लिंबे आणि महाळुंग यांच्या बिया जहाजावर घेतल्या, असे लास कासास या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. त्या बिया पलीकडच्या बेटांत पेरल्या गेल्या आणि पुढे पिढी-दोन पिढ्यांत लिंबाची झाडे स्पॅनिश सैनिकांच्या मागोमाग दक्षिण अमेरिकेत उतरली. पिझारोने १५३२ मध्ये पेरू देशात पाय ठेवला, १५३५ मध्ये लिमा शहर वसवले. त्या किनाऱ्यावरचे लोक आधीपासून ताजा मासा मीठ-मिरची लावून, तिथल्या आंबट फळांच्या रसात मुरवून खात असत, असे तिकडे सांगतात. लिंबू हाती आल्यावर जुनी आंबट फळे मागे पडली. आज 'सेविचे' या नावाने जो पदार्थ जगभर मिरवतो त्याचा प्राण म्हणजे हे छोटे, पातळ सालीचे, झणझणीत आंबट लिंबू. महाळुंगाचा आपला नातू! २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने सेविचे करण्या-खाण्याच्या परंपरेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवले. अभिनंदन पेरूचे, त्यात आमची तक्रार नाही; पण लिंबाच्या माहेरकडून एखादी साडीचोळी पाठवायला हरकत नव्हती.

अर्थात माहेरच्यांनी फार ऐट करू नये, कारण परतफेडही तितकीच मोठी झाली. लिंबू इकडून गेले आणि मिरची तिकडून आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्यात उतरवली, आणि दोन-तीनशे वर्षांत ती आपल्या ताटात अशी काही मिसळून गेली, की मिरचीवाचून मराठवाड्याचे जेवण आज कल्पनेतसुद्धा येत नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. आपला हा सारा मुलूख तेव्हा त्याच्या घराण्याच्या छत्राखाली होता. त्या ग्रंथात राजाच्या जेवणाचे मोठे प्रकरण आहे. मासे कोणते, ते कसे धुवावे, कसे शिजवावे हेही आहे. पण मिरची नाही, कोठून असणार? तिखटपणा तेव्हा मिऱ्याचा. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात आमची ही वाटी झाली असती तर लिंबाची ओळख पटली असती, मिरची पाहून मात्र आचारी गोंधळला असता.

आता खरा वादाचा मुद्दा. आमचे एक पुतणे काही वर्षे परदेशात राहून आले. स्वयंपाकघरात मी कोळंबी उकडत ठेवलेली पाहून म्हणाले, "काकू, तुम्ही उगाच गॅस जाळता. लिंबाच्या रसात कोळंबी आपोआप शिजते. पेरूत कोणी उकडत नाही."

यावर माझ्या सासूबाई, ज्यांनी समुद्र एकदाच, चौपाटीवर पाहिला होता, ओट्याशी बसून म्हणाल्या, "चुलीवर चढल्याबगर झिंग्याला हात लावायचा नाही, बरं का." आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. पुतणे म्हणत होते त्यात तथ्य आहे. कोळंबीचे पारदर्शक, करडे मांस लिंबाच्या रसात अर्धा-पाऊण तास ठेवले तर ते पांढरे होते, घट्ट होते, चवीलाही उकडल्यासारखे लागते. यात जादू नाही. नासलेल्या दुधात जे होते तेच येथे होते. आंबटाने प्रथिनांची घडी उलगडते आणि ती एकमेकांना चिकटून गोठतात. आच हेच काम उष्णतेने करते. डोळ्यांना दोन्हींचे फळ सारखे. पण चुलीचे आणखी एक काम असते, जे डोळ्यांना दिसत नाही. उकळत्या पाण्यात जंतू आणि किडे मरतात. लिंबाच्या रसात काही मरतात, काही बेशुद्ध पडल्यासारखे राहतात आणि काहींना तर तो रस आतपर्यंत पोहोचतच नाही. शिजणे आणि शिजल्यासारखे दिसणे यांत हे अंतर आहे, आणि ते जिवाइतके मोठे असू शकते.

पेरूलाच हे एकदा फार महागात पडले. १९९१ च्या जानेवारीत तेथील किनाऱ्यावरच्या गावांत पटकी उपटली. दक्षिण अमेरिकेने त्या शतकात असली साथ पाहिलेली नव्हती. पहिल्याच वर्षात तीन लाखांवर माणसे आजारी पडली आणि जवळजवळ तीन हजार दगावली. मूळ दोष गावोगावच्या दूषित पाण्याचा होता, पण कच्च्या माशावरही बोट रोखले गेले. सेविचे खाऊ नका असे आरोग्यखाते सांगू लागले, कोळ्यांच्या होड्या रित्या उभ्या राहिल्या. तेव्हा लोकांना धीर यावा म्हणून राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी कॅमेऱ्यांसमोर सेविचे खाऊन दाखवले. राजकारणी माणसाचा घास आणि वैद्याचा सल्ला यांत लोकांनी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न सर्व देशांत सारखाच.

लिंबावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते, की पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाव या देशात १९९४ च्या पटकीच्या साथीत अभ्यास झाला, तेव्हा जेवणात लिंबाचा रस पिळून घेणाऱ्यांना रोगापासून काही संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. पटकीचा जंतू आंबटाला भितो हे खरे. पण भातावर पिळलेले लिंबू वेगळे आणि कोळंबीच्या पोटातल्या काळ्या दोऱ्यापर्यंत पोहोचण्याची अपेक्षा असलेले लिंबू वेगळे. शिवाय पटकी हा एकच शत्रू नव्हे. समुद्रकाठच्या कोळंबीत पटकीच्याच भाऊबंदांपैकी आणखी जंतू असतात, जे उन्हाळ्यात भराभर वाढतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत तर काही मुलखांत, आपल्या देशात मणिपुराकडे, असा एक चपटा किडा असतो, जो कच्चा खेकडा खाल्ल्यास माणसाच्या फुप्फुसात घर करतो आणि क्षयासारखा खोकला लावतो. पंढरीच्या वाटेवर पटकीने माणसे गेल्याच्या हकिकती मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. ज्या घरांनी त्या ऐकल्या त्यांच्या तोंडी 'चुलीवर चढल्याबगर' हे शब्द आले तर त्यांना अडाणी म्हणण्याचे कारण नाही.

सासूबाईंचा 'झिंगा' हा शब्द मात्र मला विचार करायला लावणारा ठरला. आम्ही कोकणातले लोक कोळंबी म्हणतो, वाळवून सोललेलीला सोडे म्हणतो, बारकीला जवळा म्हणतो, गोव्याकडे सुंगटे म्हणतात; आणि या प्रत्येक शब्दामागे ताज्या मासळीच्या टोपलीचा वास असतो. परभणीत झिंगा म्हटले की आधी आठवडी बाजारातले पोते आठवते. ताजा समुद्र येथे कधी आलाच नाही. वाळलेला समुद्र आला. हैदराबादहून परभणीवरून जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास मनमाडला भिडला आणि निजामाच्या राज्यातला हा मुलूख मुंबईच्या वाटेशी जोडला गेला. त्याआधी तर मिठाच्या गोण्यासुद्धा लमाणांच्या बैलांवरून घाट चढून येत. एवढ्या वाटेत टिकणारे जे होते तेच येथे पोहोचले: सुकट, बोंबील, वाळलेले झिंगे.

आणि ते पोहोचले ते कोणाच्या घरी? ज्यांच्या शेतात काम असे त्यांच्या घरी नव्हे, तर जे शेतात काम करीत त्यांच्या घरी. मूठभर सुकट तव्यावर खरपूस भाजायची, पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर ओबडधोबड वाटायची किंवा नुसतीच चुरडून वर कच्चा कांदा आणि मिळाले तर लिंबू. ज्वारीच्या भाकरीवर ठेवून बांधावर बसून खायची. वासामुळे शेजारी नाके मुरडीत. आमच्या सासरी मासे-मटण खाल्ले जाई, पण सासरे माळकरी. म्हणून अंगणात गोठ्याच्या भिंतीला लागून वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळे पातेले. एकादशीला आणि श्रावणभर ती चूल पेटतच नसे. त्या तव्याला घरात यायची परवानगी कधी मिळाली नाही. सासरे गेल्यावरसुद्धा सासूबाईंनी ती दिली नाही.

भाजलेल्या सुकटीवर कांदा आणि लिंबू! गोव्यात सुक्या सुंगटांची किसमूर करतात, भाजलेली सुंगटे, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि काहीतरी आंबट. पेजेबरोबर ती अमृतासारखी लागते. तिची गरीब, खोबरे न मिळालेली बहीण म्हणजे ही बांधावरची सुकट. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत आता काचेच्या उभ्या पेल्यात लिंबातली कोळंबी सजवून देतात, त्या पेल्याची किंमत त्या शेतमजुराच्या आठवड्याच्या बाजाराएवढी असते. पण जिभेला जे हवे असते ते दोन्हीकडे एकच आहे. खारट, आंबट, तिखट, आणि तळाशी समुद्राची गोडी. फरक पडतो तो एकाच गोष्टीने. बांधावरची सुकट कोरडी असे आणि पेल्यातली कोळंबी थंड असते. मधे उभा आहे तो बर्फ.

बर्फाची कथा लिंबाइतकी जुनी नाही, पण तिच्याइतकीच नवलाची आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करीत आणि लाहोरला मुक्काम असताना डोंगरांतून बर्फ आणवीत, हे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त नोंदवून ठेवले आहे. उत्तरेत अलाहाबादकडे थंडीच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून त्यावर बर्फाची पापडी धरवीत. अठराव्या शतकात एका इंग्रज साहेबाने ती कृती विलायतेत विद्वानांना लिहून कळवली. पण दक्षिणेत, आणि तेही उन्हाळ्यात, बर्फ ही केवळ पुराणातली वस्तू होती. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याला १८३३ मध्ये वेडे धाडस सुचले. त्याने तिकडच्या तळ्यांत गोठलेला बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून 'टस्कनी' नावाच्या जहाजावर चढवला आणि कलकत्त्याला पाठवून दिला. १८० टन निघाला होता. चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, सुमारे १०० टन पोहोचला. पुढच्याच वर्षी मुंबईला बर्फ आला. सर जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान-पाहुणे सर्वांना सर्दी झाली, अशी बातमी मुंबईच्या वर्तमानपत्राने मोठ्या चवीने छापली. गोदीजवळ बर्फासाठी घुमटाचे घर बांधले गेले. मद्रासचे बर्फघर तर आजही समुद्रकिनारी उभे आहे. पुढे तेथे विवेकानंद राहिले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे.

या धंद्याची एक आठवण अमेरिकेतल्या एका एकांतवासी लेखकाने करून ठेवली आहे. थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहत होता, तेव्हा १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर तेथे आले. सकाळी तो भगवद्गीता वाचीत असे. आणि आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार या विचाराने त्याला मोठी मौज वाटली. तो बर्फ साहेबांच्या पेल्यात विरघळला. परभणीच्या वाट्याला त्यातला थेंबही येण्याचे कारण नव्हते. पुढे कारखान्यांत बर्फ होऊ लागला, बॉस्टनची जहाजे थांबली. लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून लहान गावांपर्यंत जाऊ लागल्या. आणि घरोघरच्या फ्रीजला तर आणखी कितीतरी वर्षे लागली.

तोवर परभणीचा थंडावा म्हणजे माठ. आणि येथे कोकणाने मान खाली घालावी. वैशाखात पारा बेचाळीसच्या वर चढतो, हवा कोरडी ठणठणीत, म्हणून माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी झरझर उडते आणि आतले पाणी असे गार होते की दातांना कळ यावी. माहेरी माठ होता, पण दमट हवेत तो घामेजून बसे; पाणी कोमटाहून जरा बरे, एवढेच. गंमत पाहा: जेथे कोळंबी होती तेथे माठ गार होत नव्हता आणि जेथे माठ गार होत होता तेथे कोळंबी नव्हती! तशी ती असती तरी उपयोग नव्हता. माठ फार तर वीस-बावीस अंशांपर्यंत उतरतो, आणि ताजी मासळी सांभाळायला चार-पाच अंश लागतात. एवढ्या अंतरात जंतूंचा सुकाळ असतो. म्हणून लिंबू हाताशी, मिरची हाताशी, कांदा हाताशी असूनही ही वाटी परभणीत जन्माला यायला बर्फाची वाट पाहावी लागली.

बर्फ घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. मासळीच्या पेटीत घालायचा बर्फ कोणत्याही पाण्याचा असू शकतो. तो सरबताच्या गाडीवर जाऊ नये म्हणून २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला. माशाभोवतीचा बर्फ निळा असेल तर घाबरू नये, तो त्याच्या जागी योग्य आहे. मात्र तो घरातल्या वाटीत कधी येऊ देऊ नये, आणि पांढरा आहे एवढ्यावरून लादीवर विश्वासही टाकू नये. घरच्या उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ सर्वांत बरा.

कोणी विचारील, समुद्राची कोळंबी बर्फात घालून आणवण्यापेक्षा गोदावरीची का नाही? खरोखर, गोदावरीच्या नावानेच ओळखली जाणारी एक मोठी नदीतली कोळंबी आहे. तिची रीत अशी, की मोठेपणी ती गोड्या पाण्यात राहते, पण तिची पिले खाडीच्या निमखाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. ती वाहत खाली जातात आणि थोडी मोठी झाली की काठाकाठाने पुन्हा नदी चढू लागतात. या चढणीला पहिला अडसर सर आर्थर कॉटनच्या धवलेश्वरमच्या बंधाऱ्याचा, तो १८५२ मध्ये पुरा झाला. पुढे पोचमपाडचे धरण, नांदेडचे विष्णुपुरी, पैठणचे जायकवाडी. यांतल्या विष्णुपुरी आणि जायकवाडीने मराठवाड्याला पाणी दिले. येलदरीने पूर्णेवर वीजही दिली. त्यांच्याविरुद्ध कोळंबीची बाजू मांडायला मी उभी राहणार नाही. पण नदी ही माणसांप्रमाणे इतरांचाही रस्ता असते, एवढे लिहून ठेवायला हरकत नाही. आज भोई मंडळींच्या जाळ्यात जलाशयांतून येतात ते रोहू, कटला, मृगळ. आणि ज्यांना समुद्राशी काही देणेघेणे नाही असे बारके झिंगे. ते झिंगे कालवणात फार सुरेख लागतात. लिंबाच्या वाटीत त्यांना घालू नये. सोलायला बसलात तर संध्याकाळ होईल.

लिंबाच्या बाबतीत मात्र परभणीला कोणाच्या दारी जावे लागत नाही. येथील कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये निघाले. 'परभणी क्रांती' भेंडीमुळे त्याचे नाव देशभर झाले, पण कागदी लिंबाच्या 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' या दोन जाती त्यानेच निवडून काढल्या, हे भेंडीइतके कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन्हींना फळे एकेकटी न लागता घोसाने लागतात. प्रमालिनीत रसाचे प्रमाण शेकडा ५७ पर्यंत भरते, आणि विक्रमला मे-जूनमध्येही थोडी फळे येतात. उन्हाळ्यातले लिंबू किती मोलाचे असते ते शेतकऱ्याला विचारावे. उन्हाळ्यात फळ हवे तर हस्ताच्या पावसाच्या सुमारास झाडाला ताण देऊन बहार धरावा लागतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस रेंगाळला तर झाड ताण घेत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेका लिंबाला दहा-पंधरा रुपये मोजावे लागले होते, ते वाचकांच्या पर्सला अजून आठवत असेल.

आता कृती सांगितल्यावाचून गृहिणी मला सोडणार नाहीत. सोललेली पाव किलो कोळंबी घ्यावी. पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढून काढावा. याचा कंटाळा करू नये. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळावे, मीठ आणि लिंबाची एक फोड टाकावी, मग कोळंबी. दोन-तीन मिनिटांत ती गुलाबी होऊन वळते. मधोमध कापून पाहावी, आत कोठेही काचेसारखा भाग राहता कामा नये. वेटोळे फार घट्ट झाले तर समजावे की चामडे झाले. लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात टाकावी, म्हणजे आतली आच तेथेच थांबते. निथळून, कोरडी करून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घालावी. पितळेच्या भांड्याला लिंबू कळकते, ते नको. चार रसदार लिंबे पिळावीत, पण साल फार दाबू नये, कडू उतरते. मीठ, किंचित साखर, कांदा, कोवळी काकडी, मिरची. कैरीचे दिवस असतील तर तिच्या चार फोडी बारीक करून; कोथिंबीर अगदी शेवटी. झाकून फ्रीजमध्ये अर्धा तास, फार तर तासभर. त्याहून जास्त मुरवली तर उकडलेली कोळंबीही आंबटाने रबरासारखी होते. वाढताना भांडे बर्फाच्या परातीत बसवावे आणि उरले तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. आमच्याकडे उरत नाही.

पुतण्यांनी उकडलेली खाल्ली आणि वाटी पुढे केली. कच्चीचा आग्रह पुन्हा धरला नाही. जाता जाता त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली, ती मला फार आवडली. पेरूत मासा खाऊन झाल्यावर तळाशी जो आंबट, तिखट, दुधट रस उरतो तो पेल्यात ओतून पितात, आणि त्याला म्हणतात 'वाघिणीचे दूध'. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून वाघिणीचे दूध म्हणजे इंग्रजी भाषा. ते ऐकून सासूबाईंनी वाटीतला उरलेला रस भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतला आणि म्हणाल्या, "मंग आम्ही शाळेत न जाताच प्यालो म्हणायचं."